पायमोडका म

दार हे वास्तूचं मुख आहे आणि तोरण हे त्या मुखातून निघणारं पहिलं मंगल वचन आहे, असं शास्त्रात सांगितलं आहे. कोणत्या शास्त्रात, हे विद्युल्लताबाई कर्णिकांना कोणी विचारलं नाही. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईकडे संदर्भ मागायची सोसायटीत कोणाची छाती नव्हती. वाक्य बाईंनी स्वतःच, चहा गाळता गाळता, सूचनाफलकासाठी रचलं होतं. त्याखाली गुढीपाडव्याच्या दार सजावट स्पर्धेचे नियम होते आणि त्यातला चौथा नियमही त्यांचाच होता.

भिवंडीत कामतघरला जिथे पूर्वी लूमची शेड होती तिथे आता ‘तपोवन हाइट्स’ नावाचा चौदा मजली टॉवर आहे. शेजारची शेड अजून चालू असल्यामुळे तपोवनात दिवसरात्र खटखट ऐकू येते आणि वाळत घातलेल्या काळ्या कपड्यांवर कापसाची पांढरी लव बसते. सातव्या मजल्यावर दोनच दारं. एक कर्णिकांचं, एक भोईरांचं. टॉवरची जमीन मूळची बाळाराम भोईरांची, त्यामुळे बिल्डरने त्यांना सहा फ्लॅट दिले होते. त्यांची बायको कमळताई हिने सगळे बघितले आणि बाईंच्या समोरचा राहायला निवडला. ‘मास्तरीन बाय शेजारी असल्या म्हंजे बरं असतं,’ असं ती म्हणाली होती.

गेली तीन वर्षं स्पर्धेत पहिला नंबर कमळताईचा. दादरहून मोत्यांचं, जरीचं, एकदा तर आतून दिवे लागणारं तोरण यायचं. बक्षिसाचं बाईंना काही नव्हतं. पण लिफ्टमधून माणसं बाहेर पडायची, भोईरांच्या दाराकडे बघून ‘वा’ म्हणायची, तिथे बेल वाजवायची, कोणी उघडलं नाही की वळून बाईंची बेल वाजवायची आणि विचारायची, ‘कमळताई घरात नाहीत का?’ गेल्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या पाच महिन्यांत त्यांना कोणी विचारलेला हा एकमेव प्रश्न होता.

म्हणून चौथा नियम. ‘तोरण घरच्या व्यक्तीने स्वहस्ते केलेलं असावं. विकतचं तोरण बाद ठरेल. करणाऱ्या घरच्या व्यक्तीचं नाव व नातं अर्जात लिहावं.’ सेक्रेटरी केदार यांनी नियम वाचून मान डोलावली. ते बाईंनी लिहिलेलं काहीही वाचून मान डोलावत. तसं केलं की प्रकरण लवकर मिटायचं.

कमळताई फलकापाशी उभी राहून म्हणाली, “बरं हाय की. अंबाडीला आमच्या वाडीत आंबा हाय. पानं ओवीन मी.”

“जरूर ओवा,” बाई म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. सातव्या मजल्यापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. दार उघडताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला स्वतःला तोरण करता येत नाही. आयुष्यभर हाताला सवय लाल पेनाची. त्यांनी दोन संध्याकाळी क्रेप कागदाची फुलं करून पाहिली. त्यांचे यजमान श्रीनाथराव ती बघून म्हणाले, “पानकोबी छान झालाय.” श्रीनाथराव सायझिंगमध्ये हेडक्लार्क होते, सुताला खळ लावायच्या कारखान्यात. वस्तू जशी दिसते तशी नोंदवायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

त्यावरून बाईंना द्वारकाकाकू आठवल्या.

द्वारकाकाकू म्हणजे श्रीनाथरावांच्या धाकट्या काकांची बायको. नावात ‘का’ लागोपाठ दोनदा येत असल्यामुळे घरातले एक गिळून ‘द्वारकाकू’ म्हणत. वय एक्क्याऐंशी. गणेशपुरीला मुलगा मोरू याच्याकडे राहायच्या. मोरूचं गरम कुंडांच्या वाटेवर हार-उदबत्तीचं दुकान होतं. काकूंच्या तरुणपणी तालुक्यात ज्या घरी लग्न त्या घरी काकूंच्या हातचं काचेच्या मण्यांचं तोरण, असा रिवाज होता. मधे चाळीस वर्षं रिवाज नव्हता आणि तेवढाच काळ बाईंचं काकूंकडे जाणंही बेताचंच होतं.

पण नोव्हेंबरात बाई मणी घेऊन गेल्या. हिरवे, पांढरे, लाल, आणि श्रीनाथरावांनी जुन्या ओळखीवर आणलेलं लूमचं पक्कं सूत. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. तिथे उजेड बरा येतो म्हणून. त्यांनी सूत दाताखाली धरून ओढून पाहिलं.

“हे नाही तुटायचं,” त्या म्हणाल्या. “मी तुटेन, पण हे नाही. काय घालू गं विदू यात?”

“दोन्हीकडे मोर आणि मधे अक्षरं. तुम्ही घालायचात तशी.”

“घालते. माझी एकच अट. दारावर लावलंस की मला दाखव. मोरूच्या फोनवर पाठव फोटो. लोक न्यायचे आणि मी म्हणायची, कसं दिसत असेल दारावर? लग्नघरात मी कायम स्वयंपाकात.”

बाईंनी कबूल केलं. अर्जात लिहिलं: ‘द्वारका कर्णिक, घरच्या, चुलत सासूबाई.’ ‘घरच्या’ खाली एक रेघ ओढली.

जानेवारीच्या शेवटी मोरूचा फोन आला, आईचं तोरण झालंय. बाई एसटीने गेल्या. काकूंनी ते खाटेवर पसरून ठेवलं होतं. हिरव्या मोरांचे डोळे लाल, पिसाऱ्यात एकेक मणी असा बसवलेला की हवा लागली की पिसारा हलायचा. मधोमध पांढऱ्यावर लाल अक्षरं: सुस्वागतम्.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काकू, हे चूक आहे.”

“कुठे मणी चुकला?” काकूंनी घाईने चष्मा लावला.

“मणी नाही. शब्द. स्वागत म्हणजेच सु अधिक आगत. ‘सु’ त्यात आहेच. आधी आणखी एक लावला की दोन ‘सु’ होतात.”

“अगं, सगळीकडे असंच असतं. एसटी स्टँडवरसुद्धा आहे.”

“एसटी स्टँडवर पुष्कळ काही असतं, काकू.”

काकू हसल्या. त्यांना विनोद वाटला. “दोनदा ‘या’ म्हटलं तर काय बिघडतं? एकदा म्हणून येतंय कोण?”

“माझ्या दारावर अशुद्ध लागणार नाही. मी बत्तीस वर्षं मुलांचे गुण कापलेत यासाठी.”

पहिला ‘सु’ नुसता कापून चालणार नव्हतं. जाळी एकसलग होती आणि शब्द मधोमध यायला हवा. म्हणजे एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत सगळं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. अडीच महिन्यांचं काम. काकूंनी तोरणावरून एकदा हात फिरवला. “बरं बाई. मोर तरी राहू दे ना?”

“मोर बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या. पूर्ण गुण त्या एवढ्या सहज कोणाला देत नसत.

आठ दिवसांनी मोरूचा पुन्हा फोन. “वहिनी, आई पडली. उसवताना मणी सांडले फरशीवर, उठायला गेली नि त्यावरच पाय गेला. खुब्याचं हाड मोडलंय. बाळारामशेठ इथे जवळच अंबाडीला वाडीवर आले होते, त्यांच्याच गाडीतून नेली दवाखान्यात.”

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. “मणी गोळा केलेस ना?”

मोरूने केले होते.

या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पायाला वजन लावून काकूंना झोपवून ठेवलं. झोपूनच त्या विणू लागल्या, मण्यांची वाटी छातीवर ठेवून. बाई आठवड्याला फोन करायच्या. कुठपर्यंत आलं, विचारायच्या. ‘आई थकलीय’ असं मोरू म्हणायचा. पडून राहिल्यामुळे इकडेतिकडे वेळ जात नाही, कामाला ते एका परीने बरंच, असं बाईंनी श्रीनाथरावांना सांगितलं. श्रीनाथराव वर्तमानपत्राची घडी घालत होते. त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घातली.

पाडवा रविवारी होता. बुधवारी बाई गणेशपुरीला गेल्या. काकूंचा चेहरा उशीत मावेल एवढा झाला होता. छातीवर तोरण होतं, आणि वरखाली होत होतं ते श्वासाने की पंख्याच्या वाऱ्याने, हे कळत नव्हतं. अक्षरं झाली होती: स्वागत. पुढे पांढरी जाळी.

“म राहिलाय गं,” काकू म्हणाल्या. “पायमोडका म. त्याचा मोडायचा राहिला, तोवर माझाच मोडला.” आणि स्वतःच हसल्या. हसताना दुखलं म्हणून थांबल्या. “शनिवारपर्यंत करते. मोरू आणून देईल.”

बाईंनी काकूंकडे पाहिलं, मग तोरणाकडे पाहिलं. शनिवारचा भरवसा त्यांना दोघांपैकी एकाचाच वाटला. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की ‘स्वागतम्’ संस्कृत झालं. ‘स्वागत’ हे अस्सल मराठी. शब्द पुरा होता. मराठीच्या बाईच्या दारावर मराठीच हवं.

“नको काकू. झालंय ते. असंच बरोबर आहे.”

“अगं, मधोमध नाही यायचं.”

“दिसायला चालेल.”

काकूंच्या बोटांत सुई होती. बाईंनी एकेक बोट सोडवत ती काढली, गाठ मारली आणि सूत दातांनी तोडलं. तुटता तुटत नव्हतं. तोरण जुन्या साडीत गुंडाळून पिशवीत घातलं. उरलेले लाल मणी वाटीत तसेच राहिले.

“फोटो पाठव हां,” काकू म्हणाल्या.

पाडव्याला सकाळी सहाला श्रीनाथराव दारात स्टुलावर उभे होते. तोंडात दोन खिळे आणि दोन्ही हातांत तोरण. बाई खाली उभ्या राहून ‘डावीकडे, जरा डावीकडे’ करत होत्या. तेवढ्यात श्रीनाथरावांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. बाईंनी हात वर करून तो काढला. पडद्यावर ‘मोरू’ असं नाव होतं.

पाडव्याच्या दिवशी सकाळी सहाला मोरू शुभेच्छा द्यायला फोन करणार नाही, हे दोघांनाही कळलं. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजू लागला.

“दे इकडे,” श्रीनाथराव खिळ्यांमधून म्हणाले.

“तुमचे हात मोकळे आहेत का?”

“नाहीत.”

“मग कसा घेणार?”

“तू घे.”

“मला का केलाय? तुम्हाला केलाय.”

इथे थोडं सुतकाविषयी सांगायला हवं. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक. दारावर तोरण नाही, देवाला फूल नाही. चुलती म्हणजे दहा दिवस पक्के. पण सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. ऐकलं नाही तोवर माणूस आहे. पंगत बसलेली असली तर तार आलेली सुद्धा जेवणं होईपर्यंत वाचायची नाही, हे आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी पिढ्यानपिढ्या पाळलं आहे. भिवंडी सुतावर जगते, तसे कर्णिक त्या सकाळी सुतकाच्या एका धाग्याला लोंबकळत होते.

“काकू आजारी आहेत, एवढंच आपल्याला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “बुधवारी बोलत होत्या. हसल्या सुद्धा.”

“विद्युल्लता, माझी काकू आहे ती. मला तिने—”

“आणि आपल्या लग्नात काय केलं त्यांनी? आठवा.”

श्रीनाथरावांना आठवलं. मंगलाष्टकं चालू असताना काकूंच्या भावाच्या गावाहून तार आली होती. काकूंनी ‘चष्मा नाही गं जवळ’ म्हणून ती कमरेला खोचली, दोनशे माणसांना वाढलं, नव्या नवरीच्या तोंडात स्वतःच्या हाताने जिलबी घातली आणि वरात गेल्यावर विहिरीवर जाऊन एकटीने अंघोळ केली. भाऊ एकच होता.

“काकूंनीच पायंडा पाडलाय,” बाई म्हणाल्या. “खिळा ठोका.”

श्रीनाथरावांनी खिळा ठोकला. ते आयुष्यभर ठोकत आले होते.

सात वाजेपर्यंत फोन अकरा वेळा वाजला. मग व्हॉट्सॲपवर निरोप आला. तो उघडला तर निळ्या खुणा उमटणार, आणि वाचणं हे ऐकण्यात धरायचं की नाही, याबद्दल शास्त्राने काही सांगितलेलं नाही. बाईंनी न उघडता वरवर दिसलं तेवढं पाहिलं. ‘श्रीनाथदादा, आई आज पहाटे...’ आणि पुढे तीन टिंबं.

“पहाटे काहीही असू शकतं,” त्या म्हणाल्या. “पहाटे उठून बसली. पहाटे चहा मागितला. वाक्य अपूर्ण आहे.”

त्यांनी दोन्ही फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवले. तोरणाचा फोटो मात्र त्याआधी काढला होता. चांगला आला होता. तो पाठवायचा तर निरोप उघडावा लागला असता, म्हणून राहिला.

साडेसातला बेल वाजली. बाईंनी दाराच्या भोकातून पाहिलं. कमळताई. अंघोळ करून, हिरवी साडी नेसून, हात रिकामे. पाडव्याला शेजारीण रिकाम्या हाताने येत नाही. बाईंनी श्रीनाथरावांच्या दंडाला धरलं.

“ताई,” बाहेरून आवाज आला. “ओ ताई. मोरूभाऊंचा फोन आल्ता आमच्याकडं.”

आत दोघंही श्वास धरून उभे. श्रीनाथरावांचा हात कडीकडे गेला. बाईंनी तो खाली घेतला, आणि खाली घेतलेला हात खालीच राहिला.

बाहेर कमळताई थोडा वेळ थांबली. तिने दाराकडे पाहिलं, दाराखालच्या फटीत दिसणाऱ्या चार पावलांच्या सावल्यांकडे पाहिलं, मग वर तोरणाकडे पाहिलं. पिसारा हलत होता. कमळताई मास्तरीन नव्हती, पण तिलाही गणित सुटायला वेळ लागला नाही. पुन्हा बेल न वाजवता ती परत फिरली. थोड्या वेळाने बाळारामशेठ एकटेच लिफ्टने खाली गेले. त्यांच्या हातात नवं पांढरं कापड होतं. कमळताई स्टूल घेऊन बाहेर आली आणि आपल्या दाराला आंब्याची पानं बांधू लागली. बांधताना ती गाणं गुणगुणत होती. बाईंना ते दाराआडून नीट ऐकू आलं. तेवढं ऐकायला हरकत नव्हती.

अकरा वाजून वीस मिनिटांनी परीक्षक वर आले. परीक्षक म्हणजे बी विंगमधली रुचिरा. ठाण्याला सहा महिन्यांचा इंटिरियरचा कोर्स केलेली आणि त्याआधी आठवीत बाईंकडून शुद्धलेखनात शून्य मिळवलेली. सोबत केदार, आणि फोटो काढायला त्यांची बायको उन्नती. बाईंनी पैठणी नेसून दार उघडलं. श्रीनाथराव मागे सोफ्यावर बसले होते. त्यांना बसवलं होतं.

कमळताईची पानं बघून रुचिराने ‘नॅचरल’ असं लिहिलं. मग ती वळली आणि तिचं पेन थांबलं.

“बाई! हे हातानं केलंय?”

“अर्थात. चौथा नियम.”

रुचिराने मोराच्या पिसाऱ्याला बोट लावलं. उन्नतीने चार फोटो काढले. लिफ्टमधून वरच्या मजल्यावर निघालेले दोघे जण दार धरून थांबले आणि म्हणाले, “वा.” दहा महिन्यांत पहिल्यांदाच बाईंच्या पायाखाली वर्गातल्यासारखी लाकडी फळी आली.

“‘स्वागत’ जरा डावीकडे नाही का वाटत?” रुचिरा म्हणाली.

“ती शैली आहे.”

“आणि सगळीकडे ‘सुस्वागतम्’ असतं ना?”

“सगळीकडे चूक असतं. तुझ्या वहीतही असायचं.”

रुचिरा लाजली आणि अर्ज चाळू लागली. “करणाऱ्या घरच्या व्यक्ती... द्वारका कर्णिक. त्या आहेत का? त्यांचाही फोटो घेतला असता.”

बाई म्हणाल्या, “त्या इथे नसतात.”

“म्हणजे घरच्या नाहीत?” केदारांनी विचारलं. त्यांना भांडण नको होतं, पण हातात नियमांचा कागद होता. “बाई, नियम तुमचाच आहे म्हणून विचारतो. लांबच्या नात्यातल्या असतील तर बाद होतं. गेल्या आठवड्यात अकराव्या मजल्यावरच्यांचं मावसबहिणीमुळे बाद केलं आपण. तुम्हीच सांगितलंत.”

“लांबच्या कशाने? ह्यांच्या सख्ख्या चुलती.”

“म्हणजे तशा जवळच्या.”

“जवळच्याच.”

“मग घरच्याच लिहू ना?”

“रेघ ओढलीय मी त्याखाली. घरच्याच.”

कमळताई आपल्या उंबऱ्यात उभी होती. तिने पदर नीट केला, डोक्यावरून घेतला आणि दोन पावलं पुढे आली. पलीकडच्या शेडमध्ये लूम चालू होते. पण कमळताईचा आवाज बांधावरून बांधावर हाक मारलेला होता.

“घरच्याच ना? मंग ताई, सांगाया वाईट वाटतंय. तुमच्या काकू गेल्या. पाटे पाच वाजता.”

उन्नतीचा फोन तसाच वर धरलेला राहिला.

“मी सकालीच आल्ते सांगाया,” कमळताई केदारांना म्हणाली. “बेल मारली. दार न्हाय उघडलं. झोपल्या असतील बोलले, सनासुदीचं. आमचे शेठ गेले की साडेआठलाच, खांद्याला. मोरूभाऊंनी धा वाजेपर्यंत वाट बगितली श्रीनाथभाऊंची. मंग काय करतील, ऊन चढतंय.”

“आता का सांगितलंस?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“आता तुमी दार उघडलं न्हवं,” कमळताई म्हणाली.

आत सोफ्यावरून श्रीनाथराव उठले. ते सदऱ्यासकट न्हाणीघरात गेले आणि नळाचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

केदारांनी घसा साफ केला. “बाई, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण आता तोरण...”

तोरण बाईंनी स्वतः उतरवलं. पैठणीचा ओचा धरून स्टुलावर चढल्या, स्टूल कमळताईने धरलं. एक खिळा निघेना. सूत ओढून तोडायला गेल्या तर तेही तुटेना. शेवटी केदार खालून कटर घेऊन आले.

गणेशपुरीला दोघं पोचले तेव्हा नदीकाठी राख निवत आली होती. बाळारामशेठ बाजूला बसून मोरूला चहा पाजत होते. मोरू श्रीनाथरावांना पाहून जरा बाजूला सरकला. रागावलाही नाही, तेवढा तो दमला होता. निघताना त्याने बाईंना कागदाची पुडी दिली.

“आईच्या उशाखाली होतं. शुक्रवारी केलं. डावीकडे गेलेलं जोडून मधोमध आणता येतंय म्हणाली, वहिनीला दे.” मग जरा थांबून विचारलं, “फोटो पाठवला होतात का? ती शनिवारी दिवसभर माझा फोन मागत होती. तिला म्हटलं, पाडवा उद्या आहे.”

पुडीत लाल मण्यांचा म होता. पाय नीट मोडलेला. बाईंनी तो पर्समध्ये, चष्म्याच्या कप्प्यात ठेवला.

बारावा झाल्यावर कमळताई नारळ आणि साखर घेऊन भेटायला आली. बसली, दोनदा डोळ्यांना पदर लावला, ‘लय गुनाची बाय’ म्हणाली. तिचे अश्रू खरे होते. काकूंना दवाखान्यात नेताना गाडीत त्यांचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. मग तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातलं प्रमाणपत्र काढलं.

“तुमी वाचून दावा ना ताई. रुचिरानं टाइप केलंय. बरोबर हाय का बगा.”

‘प्रथम क्रमांक,’ बाईंनी वाचलं. पुढे ‘सौ. कमळ बाळाराम भोईर’ असं पेनाने लिहिलेलं, आणि त्याखाली पांढऱ्या व्हाइटनरचा जाड थर.

“खालतं पयलं तुमचं नाव व्हतं,” कमळताई म्हणाली. “केदार बोलले, यंदा तुमचाच नंबर व्हता. तीन वरसं मला दिला, आता आळीपाळीनं फिरवाचा, असं दिवालीतच ठरलेलं. तुमी दाराला कायबी लावलं असतं तरी चाललं असतं. मी बोलले, मंग आदी सांगायचं ना, मास्तरीन बायला त्रास कशाला.”

बाईंनी चष्मा घ्यायला पर्स उघडली, म बाजूला सारला आणि प्रमाणपत्र खिडकीच्या उजेडात धरलं. व्हाइटनरच्या आतून छापील अक्षरं उलगडत गेली.

‘विद्यूलता’ असं छापलं होतं. ‘द्यू’ दीर्घ होता आणि ‘ल’ एकच होता.